अकरा मुलांची चुकलेली सकाळ

मद्रासच्या एका प्राथमिक शाळेत मी अकरा मुलांना चित्रकलेत शून्य मार्क दिले, कारण 'सकाळ' या विषयावर त्यांनी समुद्रातून वर येणारा सूर्य काढला होता. शून्य लाल शाईचं होतं. त्याखाली मी इंग्रजीत शेराही मारला होता, की विषय सकाळ आहे, संध्याकाळ नव्हे.

गावाकडच्या मंडळींना यात माझं काय चुकलं ते अजून कळलेलं नसेल. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून इकडे मद्रासेला आले, ते एव्हाना खुर्चीवरून खाली पडले असतील. दोघांनीही जरा दम धरावा. सगळं सांगतो.

मालवणच्या एस.टी. स्टँडवरून मी निघालो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती, सुतळीने बांधलेला ड्रॉइंग बोर्ड होता आणि एक गाठोडं होतं, ज्याच्याकडे सगळी गाडी वळून वळून बघत होती. आईने त्यात सुके बांगडे बांधून दिले होते. "थंय जेवक काय गावतला कोण जाणा, माशे तरी असतले मां?" हा तिचा एकच प्रश्न होता आणि तो ती महिनाभर विचारत होती. बाबांना माशांची काळजी नव्हती. चित्रकलेचा कोर्स करून मी कोल्हापूरहून परत आलो त्या दिवशीच ते म्हणाले होते, "चित्रां भिंतीवर शोभतत, पानात नाय." त्यानंतर त्यांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. स्टँडवर आले, ट्रंक टपावर चढवली, आणि गाडी सुटताना माझ्याकडे न बघता टपाकडे बघत उभे राहिले. कंडक्टरने बोर्डाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यो चौरंग कोणाचो?" मी म्हटलं, "माझा." त्या दिवशी खरं सांगायची माझी हिंमत नव्हती. चित्रं काढून पोट भरायला मी हजार मैलांवर निघालोय, हे सबंध गाडीसमोर कसं सांगायचं?

कोल्हापूर, मिरज, गुंटकल असं करत तिसऱ्या दिवशी मी मद्रासला उतरलो. बांगड्यांच्या वासामुळे गाडीत माझ्याभोवती पुष्कळ जागा होती, त्यामुळे प्रवास आरामात झाला.

शाळा मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात होती आणि तिचे हेडमास्तर होते सेतुराव. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठी राजांबरोबर तंजावरास गेले, ते तिकडचेच होऊन गेले. काळा कोट, डोक्याला पागोटं आणि कपाळावर रेखीव गंध. मला बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "यावें मास्तर, प्रवास सुखरूप जाहला की?" मला वाटलं, एखादं जुनं दप्तर पेटीतून उठून बोलायला लागलं. पुढच्याच क्षणी ते शिपायाला तमिळमध्ये कॉफी आणायला सांगत होते, आणि ती भाषा त्यांच्या तोंडात मराठीपेक्षा मोकळी वाहत होती. मला तमिळ येत नाही हे मी आधीच कबूल केलं. ते म्हणाले, "चिंता न करावी. चित्रास भाषा लागत नाही." हे वाक्य मी लगेच पाठ केलं. पुढचे सहा महिने ज्याला त्याला ऐकवत होतो.

पाचवीच्या वर्गात चाळीस मुलं होती आणि त्यांच्या घरांतून मिळून पाच-सहा भाषा बोलल्या जात. तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू, गुजराती, तंजावरी मराठी, आणि एक अँग्लो-इंडियन मुलगा होता त्याची इंग्रजी. मी एक वाक्य बोललो की ते वर्गात पाच ठिकाणी पाच प्रकारे एकमेकांना समजावून सांगितलं जाई आणि शेवटी त्याचं काय व्हायचं ते देवाला ठाऊक. एकदा मी 'पेला काढा' म्हटलं तर निम्म्या वर्गाने फिल्टर कॉफीची डबरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेल्याची जोडी काढली, दोघांनी मशिदीतला वजूचा लोटा काढला आणि अँग्लो-इंडियन पोराने कानाचा पांढरा कप. मी सगळ्यांना चांगले मार्क दिले. वाटलं, काय उदार मास्तर आहे मी!

मी राहायला जवळच्याच एका मॅन्शनमध्ये होतो. मॅन्शन म्हणजे आमच्यासारख्या सड्या माणसांच्या खोल्यांची चाळ. सकाळी शाळेची घंटा व्हायला वीस मिनिटं उरली की मी उठत असे. संध्याकाळी मात्र नियमाने मरीनावर जाई. वाळूत बसून समुद्राकडे तोंड करून सूर्यास्ताची वाट बघत असे. सूर्य येत नसे. अंधार आपोआप होई. मला वाटे, आज ढग असतील. दुसऱ्या दिवशी वाटे, आजही ढग असतील. सूर्य रोज माझ्या पाठीमागे, घरांच्या आडून, मुकाट्याने मावळत होता आणि मी सहा महिन्यांत एकदाही मान वळवून बघितलं नाही. बरं, भूगोल मला येत नव्हता असंही नाही. पूर्व किनारा, पश्चिम किनारा, सगळं पाठ होतं. पण नकाशा डोक्यात होता, अंगात नव्हता. अंगात एकच गोष्ट पक्की होती, की समुद्र म्हणजे जिथे सूर्य बुडतो ती जागा.

अशा माणसाने 'सकाळ' हा विषय दिला.

तेलुगू मुलीने दारातली रांगोळी काढली, गुजराती पोराने दुधाची बरणी, सेतुरावांच्या भाचीने झोपलेला मामा काढला (त्याला मी गुपचूप दोन मार्क जास्त दिले). आणि समुद्राच्या बाजूच्या गल्ल्यांतून येणाऱ्या अकरा मुलांनी तो समुद्रातला सूर्य काढला. मी मनात म्हटलं, विषयच कळला नाही बिचाऱ्यांना. आणि लाल शाई काढली.

दहा मुलांनी ते शून्य मजेत घेतलं. त्याच्या आत डोळे, नाक, मिशा काढून माझ्यासारखा चेहरा केला आणि एकमेकांना दाखवला. अकरावी होती मरगदम. किनाऱ्यावरच्या कुप्पमची, म्हणजे कोळीवाड्याची. बाप एळुमलै कट्टुमरमवर मासेमारी करायचा. तिच्या चित्रात मी एका शून्यावर थांबलो नव्हतो. सूर्याशिवाय आणखी तीन गोष्टींना लाल गोल केले होते. माणसं पाण्यावर उभी, होडी कुठे आहे? बायका हात बांधून रिकाम्या का उभ्या? कावळे माणसांपेक्षा मोठे कसे? तिने कागदाची नीट घडी घातली, पाटीखाली ठेवली आणि घरी नेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी सेतुरावांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर ते चित्र होतं. मरगदमची आई आणून देऊन गेली होती.

"मास्तर," सेतुराव शांतपणे म्हणाले, "सूर्य कोठें उगवतो?"

"पूर्वेला."

"बरें. आपल्या शाळेहून समुद्र कोणे दिशेस?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. सकाळचे अकरा वाजत होते, खारं वारं येत होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मला तेव्हा, त्या खुर्चीत, एकदम मरीनावरचे सहा महिने आठवले. ते सगळे ढगसुद्धा.

सेतुरावांनी मला पुरेसा वेळ दिला. मग सांगितलं ते असं. एळुमलैचं मुळात मुलीला शाळेत धाडायचं मन नव्हतं, आईच्या हट्टामुळे धाडत होता. त्या कुप्पममधून पाचवीपर्यंत आलेली ही पहिली मुलगी. तिचा हात धरून आणखी तीन लहान मुली येतात, ती थांबली की त्याही थांबणार. एळुमलैने चित्र पाहिलं, शेरा कुणाकडून तरी वाचून घेतला आणि म्हणाला, "ज्या शाळेला सूर्य कुठून येतो हे ठाऊक नाही, तिथे पोरीने जाऊन करायचं काय?"

"यास उत्तर मजपाशी नाही," सेतुराव म्हणाले. "आपणापाशी आहे काय?"

मी म्हटलं, एळुमलैकडे आपण बरोबर चला, माझं तमिळ हे असलं. त्यांनी चित्र माझ्या हातात दिलं. "शून्य तुमचें आहे. तुम्हीच उचलावें."

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणी न हलवता पहाटे उठलो. कुप्पमच्या झोपड्या ओलांडून वाळूत आलो तेव्हा समुद्र काळा होता आणि पुरुष कधीच गेलेले होते. बायका माशांच्या पाट्या पायाशी ठेवून उभ्या होत्या. मी एका कोपऱ्यात बसलो, हातात चित्र. हळूहळू पाणी राखाडी झालं, मग गुलाबी, आणि समुद्राच्या पलीकडच्या कडेवरून तो वर आला. लाल, ओला, जराही घाई न करता. मला लहानपणापासून त्याची पाठ ओळखीची होती. तोंड त्या दिवशी पाहिलं.

मग चित्रातलं बाकीचं यायला लागलं. उन्हात दूरवर काळी माणसं दिसली, सरळ पाण्यावर उभी. होडी नव्हतीच. कट्टुमरम म्हणजे एकाला एक बांधलेले ओंडके, लाटेत ते दिसतच नाहीत, माणूस तेवढा दिसतो. मी आमच्या गावच्या फुगीर पोटाच्या होड्या शोधत होतो. बायका हात बांधून उभ्या होत्या, कारण ओंडके वाळूला लागेपर्यंत करण्यासारखं काहीच नसतं. फक्त मोजायचं असतं, किती गेले होते आणि किती दिसतायत. शेवटचा माणूस दिसला तेव्हा सगळ्यांचे हात एकदम सुटले. आणि कावळे माझ्या पायाशी येऊन बसले होते, त्यांच्या पाठीमागे ती माणसं बोटाएवढी. मी ज्याला ज्याला लाल गोल केला होता, ते ते एकेक करून किनाऱ्याला लागलं.

"गुड मॉर्निंग, सार," शेजारून आवाज आला. मरगदम होती, शाळेतल्यासारखी हात जोडून. तो 'मॉर्निंग' मला चांगलाच लागला.

एळुमलै ओंडक्यांच्या दोऱ्या सोडत होता. मुलीने माझी ओळख करून दिली. त्याने मान वर न करता विचारलं, "सूर्यवाला तूच?" आदरार्थी बोलण्याच्या भानगडीत तो पडला नाही, सरळ 'तू' म्हणाला, आणि मला ते वाजवी वाटलं.

मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये माफी मागितली. चूक माझी आहे म्हटलं. मग थांबायला हवं होतं. पण माणूस शरमला की खुलासा करायला लागतो. मी म्हटलं, "आमच्या गावीही समुद्र आहे. तिथे सूर्य समुद्रात बुडतो."

त्याचे हात थांबले. "बुडतो?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"तू बघितलंस?"

"लहानपणापासून."

त्याने इतर माणसांकडे वळून ते मोठ्याने सांगितलं. दोरी गुंडाळणारा एक म्हातारा म्हणाला, "वात्यार, मद्रासेत दारूबंदी आहे, नाहीतर आम्ही समजून घेतलं असतं." वात्यार म्हणजे मास्तर. सगळा किनारा हसला. पाटी घेऊन उभी असलेली मरगदमची आई पदर तोंडाला लावून हसली. मरगदम मात्र हसली नाही. ती बापाकडे बघत होती, कारण हसणं संपल्यावर तिची शाळा उरणार होती की नाही ते ठरायचं होतं.

मी ओल्या वाळूत बोटाने हिंदुस्थानचा नकाशा काढायला बसलो. इंटरमिजिएटच्या परीक्षेत मला फ्रीहँडला पहिला वर्ग होता, हे इथे नमूद करतो. एळुमलैने मान तिरकी करून बघितलं आणि माशाचं काहीतरी नाव घेतलं. मला कळेना, तेव्हा त्याने दोन्ही हात पसरून मागे शेपटी काढून दाखवली. पाकट! माझा देश त्याला पाकटासारखा दिसत होता. खरं सांगायचं तर मलाही दिसायला लागला.

तेव्हा मरगदमने पुढे येऊन माझा पाकट पायाने पुसला आणि स्वतः काढायला बसली. मी शिकवलेलं एकही तंत्र तिने वापरलं नाही. आधी आपला किनारा, मग खालचं टोक, मग पलीकडचा किनारा, एका दमात. एका बाजूला शिंपला ठेवला, म्हणाली, हे कुप्पम. पलीकडच्या बाजूला दुसरा ठेवला, हे सारांचं गाव. मग मूठ वळून ती सूर्य झाली. मूठ या समुद्रातून वर आली, शिंपल्यावरून गेली, सगळी जमीन ओलांडली आणि माझ्या शिंपल्याच्या पुढे जाऊन वाळूत शिरली.

"अप्पा, तोच आहे. आपल्याकडून निघतो आणि त्यांच्याकडे जाऊन बुडतो."

एळुमलै उकिडवा बसला. "म्हणजे आधी आपल्याला भेटतो?"

"हो."

"आणि यांना?"

"यांना संध्याकाळचा."

"उरलेला," म्हातारा म्हणाला.

एळुमलैने तिला पुन्हा मूठ फिरवायला लावली. पुन्हा एकदा. मग विचारलं, "हे तुला या माणसाने शिकवलं?"

ती गडबडली. एकदा माझ्याकडे बघितलं. मी नजरेने 'हो' म्हणालो असतो तर ती कदाचित हो म्हणालीही असती, पण माझा चेहराच त्या वेळी काही म्हणण्याच्या स्थितीत नव्हता. "नाही," ती म्हणाली, "भूगोलाच्या टीचरने. चौथीत."

एळुमलैने दोन्ही शिंपले उचलून तळहातावर घेतले आणि उलटसुलट करून बघितले. तेवढ्या वेळात माझी तरी अवस्था अशी होती, की मरगदम शाळेत येणार नसेल तर आपण संध्याकाळच्याच गाडीने ट्रंक आणि चौरंग घेऊन मालवणला परत जावं. तो काय म्हणाला ते सांगतोच, पण त्याआधी माझं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, कारण नंतर सांगण्यासारखं काही उरत नाही.

मी परत गेलो नाही. आज बारा वर्षं झाली, मी याच शाळेत आहे. लग्न केलं, बायकोला इकडे आणलं, मुलगी झाली. ती आम्हाला अप्पा आणि अम्मा म्हणते आणि रागावली की तमिळमध्ये भांडते, कारण त्या भाषेत आमचा निभाव लागत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. गेल्या मे महिन्यात तिला घेऊन गावी गेलो. संध्याकाळी बाबांसह सगळे किनाऱ्यावर बसलो होतो. सूर्य टेकायला लागला तशी ती घाबरून उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा, तो चुकीच्या बाजूला चाललाय." मी तिला शून्य दिलं नाही. बाबांनी तिला जवळ ओढलं आणि तो पूर्ण बुडेपर्यंत धरून ठेवलं. तिचं त्यांना कळत नव्हतं, त्यांचं तिला कळत नव्हतं.

आई पत्रात विचारते, घराक कधी येतलंस? मी लिहितो, सुट्टीत घरी येतो. आणि गावाहून निघताना बायकोला म्हणतो, चल, आता घरी जायला हवं. दोन्ही वेळा मी खोटं बोलत नाही. तुम्ही जे गावी राहिलात त्यांना वाटतं आम्ही घर सोडलं, आणि जे निघाले त्यांना वाटतं घर मागे राहिलं. मला आता एवढंच कळतं, की गावच्या घरी मी चुकलो तर आई पोटात घालायची, तो तिचा धर्मच होता. इथे माझं कुणी लागत नव्हतं. इथल्या माणसांनी माझी चूक बघितली, पोट धरून हसले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी आपली पोरं माझ्यासमोर बसवली. एखादी जागा आपली व्हायला आणखी काय लागतं, ते मला माहीत नाही.

तर, किनाऱ्यावर एळुमलै उठला. हातांची वाळू झटकली. बायकोकडे बघितलं, तिने पाटी डोक्यावर घेतली. तो मुलीला म्हणाला, "उद्यापासून जा. शाळा चांगली आहे."

मरगदम एवढ्या जोरात पळाली, की तिन्ही लहान मुलींना सांगायलाच गेली असावी. मी हात जोडले, काहीतरी बोलायला गेलो. एळुमलैने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, आणि मला ऐकू जाईल अशा बेताने मुलीला हाक मारून ओरडला, "ए! आणि या माणसाच्या तासाला पुढच्या बाकावर बस! अडला की सांगत जा त्याला!"